बिनफोडणीचा सण

आमच्या आणि मुक्ताबाईच्या घरामध्ये एकच कुडाची भिंत होती. बांबूच्या कामट्या, वरून मातीचा लेप, आणि तोही पावसाळ्यात सुटायचा. त्यामुळे तिला कान लावायची कधी वेळच आली नाही. तिकडे जवसाचं तेल तापलं की इकडे वास यायचा, मोहरी तडतडली की चुलीपाशी बसलेली माझी आई म्हणायची, "मुक्ताचं वरण झालं." मग मुक्ताबाईचा आवाज यायचा, "रूथबाई, विस्तू हाय का वं?" आणि आई फुटक्या खापरीवर निखारा घेऊन दारात जायची. विस्तू, मीठ, ताकाचं विरजण, एकमेकींच्या नवऱ्यांच्या तक्रारी, सगळं त्या दोन दारांमधून जा-ये करायचं. देव मात्र ज्याचा त्याच्या घरी राहायचा. त्याबद्दल दोघी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

बोलायची ती मी. आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथे. त्या गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि बाबा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पुस्तकवाले. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधून ते बाजाराबाजाराने फिरायचे, कुरखेड्यापर्यंत जायचे, शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकायचे आणि पत्रकं फुकट वाटायचे. उरलेली पत्रकं घरी. आमच्याकडे खुर्ची नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. भिंतीचा लेप सुटला की पत्रक चिकटवायचं, डब्याला झाकण नसलं की पत्रक बांधायचं. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. इतर मुली ओव्या पाठ करत, मी 'अंधारातून प्रकाशाकडे' आणि 'तू कोठे जाणार?' पाठ करत होते. सतरा-अठराव्या वर्षी मला वाटायचं की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, पत्रक वाचून बदललेली आणि अजून न वाचलेली. छापील पत्रकं मला मवाळ वाटू लागली, तेव्हा मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर स्वतःची लिहायला लागले. ती फारच जहाल असत. मंडळीचे वडीलधारे प्रमुख याकोबभाऊ मला हसून 'पत्रकवाली' म्हणायचे, पण उपासनेनंतर उभं करून वाचायला लावायचे.

मोह गळायच्या दिवसांतली ही गोष्ट. पहाटे टोपल्या घेऊन बाया जंगलात जायच्या, आणि सकाळभर गल्लीत मोहफुलांचा गोड, जड वास भरून असायचा. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, तोंडावर आला होता. एका सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले तर मुक्ताबाईच्या दारावर निंबाची डहाळी खोचलेली. मी उभीच राहिले. त्या डहाळीचा अर्थ, घरात देवी आल्या, आमच्याकडे लहान पोरालाही कळतो.

मुक्ताबाईची पोरगी चिंधी. आधीची दोन लेकरं गेली म्हणून हिचं नाव चिंधी ठेवलं होतं, म्हणजे मरणानं चिंधी समजून हिच्याकडे बघू नये. चार-पाच वर्षांची असेल, नाकात मुरणी, आमच्या दारात बसून पत्रकांच्या होड्या करणारी. देवी टोचणारा माणूस गावात आला होता तेव्हा मुक्ताबाईनं तिला धानाच्या ढोलीत लपवलं होतं. आम्हा सगळ्यांना बाबांनी ओळीनं उभं करून टोचून घेतलं होतं, माझ्या दंडावरचे वण अजून आहेत. आईला मात्र टोचायची गरज नव्हती. तिला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या. तिचा चेहरा पावसाचे थेंब पडलेल्या धुळीसारखा होता.

मुक्ताबाई दारात आली, पण उंबरा ओलांडला नाही. तिथूनच म्हणाली, "रूथबाई, घरी माय आली."

"कधीपासून?"

"ताप परवापासून. आज अंगावर दिसलं." मग ती थोडी थांबली. "तुमच्या घरचं तुमी जाना, मी काई म्हनत नाई. पन फोडनी नोको देजो बाई. भिंत एक हाय. तेलाचा आवाज झाला, वास गेला, तं माय कोपते. अन तुमचा सन हाय ना, ते ढोलक..."

आई म्हणाली, "नाई देत फोडनी. ढोलक बी नाई वाजत. तू आत जा, पोरीपाशी बस."

एवढंच. आमच्या मंडळीचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, आणि आईनं तो उंबऱ्यात उभ्या उभ्या देऊन टाकला. कारण आमचं ईस्टर म्हणजे काय होतं, तर पहाटेची फेरी. सगळी मंडळी ढोलक, झांजा घेऊन गात गावातून निघायची, शेवटी आमच्या गल्लीत यायची आणि आमच्या अंगणात वडे खायची. आई आदल्या दिवशी डाळ भिजत घालायची, आणि सूर्य उगवताना कढईतल्या वड्यांचा आवाज आणि 'प्रभू उठला' हे दोन्ही एकदमच सुरू व्हायचं. मला अजून ते दोन वेगळे आवाज वाटत नाहीत.

मी आईला गाठलं. "आई, म्हणजे आपण देवीला मानलं?"

"मी देवीले नाई मानलं. मुक्ताले मानलं."

"पण आजार जंतूनं होतो. फोडणीनं कसा वाढेल? आपण खोट्याला हो म्हणालो."

"तुले मालूम हाय, मले मालूम हाय. तिले नाई मालूम. अन आज तिले शिकवायचा दिवस नोहे." आणि ती कमरेचा पदर खोचून मुक्ताबाईच्या घरात शिरली.

त्या दिवसापासून आमच्याकडे उकडलेलं जेवण सुरू झालं. लाखोळीची डाळ नुसती मिठात, भात, आणि आंबील. बाबांना तिखटाशिवाय घास जात नसे, पण ते काही बोलले नाहीत. घरात एक विचित्र शांतता पसरली. उखळ बंद, जातं बंद. आई दिवसाचा निम्मा वेळ पलीकडे. मुक्ताबाईचे नातेवाईक शिवेवरूनच विचारपूस करून परत जात होते, नवरा डोमाजी अंगणात झाडाखाली बसून नुसता बिडीकडे बघायचा, पेटवायचा नाही. आई परत आली की मी तिच्या तोंडाकडे बघायची. विचारायची हिंमत नसे. ती आपणहून सांगे, "आज तोंडावर उठल्या." दुसऱ्या दिवशी, "आता डोळ्यात." मी भिंतीकडे पाठ करून झोपायला लागले, तरी चिंधीचं कण्हणं पाठीतून ऐकू यायचंच. मनात एकच विचार घोळायचा: ही पोरगी वाचेल का? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, ज्याची मला लाज वाटायची आणि भीतीही: नाही वाचली, आणि सणाच्या पहाटे आमचं ढोलक वाजलेलं असलं, तर हे गाव काय म्हणेल? मुक्ताबाई काय म्हणेल?

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी याकोबभाऊ आले. जंगलखात्यात नाकेदार होते, तिथून सुटले तरी खिळ्यांचे बूट सुटले नव्हते. गल्लीच्या तोंडापासून त्यांची चाल ऐकू यायची. बाबा सायकलची साखळी पुसत होते, ते उठले. याकोबभाऊ गठ्ठ्यावर बसले आणि सरळ आईला म्हणाले, "रूथबाई, ऐकतो ते खरं हाय का? फेरी या गल्लीतून जानार नाई म्हनते तुमी?"

"गल्लीतून जाईल ना भाऊ. वाजत नाई जानार."

"काऊन? देवीच्या भेवानं?"

"पोरगी बिमार हाय."

"पोरगी बिमार हाय तं प्रार्थना करू. मी बी करतो." त्यांचा आवाज चढला. "पन ज्या साली पहिली फेरी काढली ना, याच गल्लीत आमाले शेन मारलं, दगडं मारले. माह्या कपाळावर हे पाहा. तवा दगडाले नाई थांबलो, तं आता निंबाच्या डहाळीले थांबू?"

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "माही बहीन देवीनंच गेली. माह्या बापानं नवा धर्म घेतला म्हनून माय कोपली, असं गाव म्हने. आमच्या हातचं पानी कोनी घेतलं नाई, मातीले कोनी आलं नाई. तवापासून मी या देवीच्या दारावरून गात जातो. दरसाली. तिले दाखवतो का आमी हाओ."

मी त्यांच्या बाजूची होते, हे लिहायला मला आजही संकोच वाटत नाही. त्यांचं दुःख खरं होतं आणि त्यांचा मुद्दाही. ज्यांना दगड खाऊन उभं राहावं लागलं त्यांना गप्प राहा म्हणणं सोपं असतं. बाहेरच्या माणसाला ते प्रेम वाटतं, आतल्याला ती माघार वाटते. आजही कोणी आमच्यासारख्यांना समजूतदारपणा शिकवायला आलं की माझं डोकं भडकतं. त्या सणासाठी मी येशूच्या थडग्यावरून बाजूला झालेल्या दगडावर 'दगड लोटला' नावाचं पत्रक लिहून ठेवलं होतं, आणि ते गल्लीच्या मधोमध, त्या डहाळीसमोर वाचायचं असं याकोबभाऊंचं आणि माझं ठरलं होतं.

उठताना ते बाबांना म्हणाले, "पुस्तकवाल्याच्याच घरी देवीचे नेम चालले तं लोक काय पुस्तकं घेतील? ईस्टरले रूथबाईनं प्रभुभोजनाले न बसलेलं बरं. मंडळीत तसं बोलनं होऊन राह्यलं."

बाबा "पाहू" म्हणाले. ते भांडणारे नव्हते. साखळी पुसून झाली होती तरी परत पुसत बसले. प्रभुभोजनातून बाजूला बसवणं म्हणजे काय, हे आमच्यातल्याच माणसाला कळेल. भाकर आणि पेला ओळीतून येतो, आणि तुमच्यापाशी येऊन तुम्हाला ओलांडून पुढे जातो. आईचा चेहरा उतरला, पण तिनं चुलीवरची आंबील ढवळली आणि गाडग्यात ओतून पलीकडे नेली.

शनिवारी चिंधीच्या घशात फोड आले. पाणी उतरेना. आई कापसाची वात भिजवून तिच्या ओठात पिळत होती. दुपारी तिनं मला हाक मारली, हळूच, "सलोमी, आंबील आन." मी गाडगं घेऊन गेले. इतक्या दिवसांत मी त्या दारात पहिल्यांदाच उभी होते.

आत अंधार होता. चिंधी दिसली नाही, निंबाच्या पाल्याचा ढीग दिसला आणि त्यातून येणारा श्वास ऐकू आला. अडकत, घासत. मग डोळे सरावले तशी बाकीची खोली दिसली. मुक्ताबाईनं हातातल्या बांगड्यांना फडकं गुंडाळलं होतं. दाराच्या साखळीला चिंध्या बांधल्या होत्या. शेळीच्या गळ्यातली घंटी काढून फळीवर ठेवली होती, आणि तिच्या आतली जीभ दोऱ्यानं बांधली होती. आणि मुक्ताबाई स्वतः दारापाशी, भुईवर, एका हातानं दाराची फळी धरून बसली होती. वारा सुटला होता, आणि हात जरा ढिला पडला की दार चौकटीवर आपटायचं, बारीक, टक टक. ती ते धरून बसली होती. किती वेळ, कोण जाणे. मला बघून ती उठली नाही, कारण उठली असती तर दार वाजलं असतं.

सण उद्याच होता, तिला माहीत होतं. ती परत विचारेल, विनवेल, असं मला वाटलं. तिनं काही विचारलं नाही. आईनं एकदा हो म्हटलं होतं, तिच्यासाठी ते झालं होतं.

माझ्या पोलक्यात 'दगड लोटला' होतं, उद्यासाठी पाठ करत होते. मी ते काढलं, घडीवर घडी घातली, आणि दार आणि चौकटीच्या फटीत कोंबलं. दार गच्च बसलं. टक टक थांबलं. मुक्ताबाईनं हात सोडला आणि मनगट दुसऱ्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "अक्षराचा कागद हाय ना वं?" ती कुजबुजली. "असू दे," मी म्हणाले.

ईस्टरच्या पहाटे मी कंदील घेऊन फेरीच्या पुढे होते. पाटलाच्या ओट्यापासून गात निघालो, शाळेवरून, विहिरीवरून. प्रत्येक कडव्यानंतर आमची गल्ली जवळ येत होती, आणि मागे याकोबभाऊंचं ढोलक आणि त्यांचे बूट एका ठेक्यात पडत होते. गल्लीच्या तोंडाशी आई उभी होती. सणाचं पांढरं लुगडं नेसून, पदर डोक्यावर घेऊन. तिनं वाट अडवली नव्हती, बाजूलाच उभी होती. तरी मी थांबले, आणि मी थांबले म्हणून सगळे थांबले.

याकोबभाऊ पुढे आले. "काय झालं पत्रकवाली? कुठी हाय तुहं पत्रक?"

"मुक्ताबाईच्या दाराच्या फटीत कोंबलं. दार वाजत होतं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. याकोबभाऊ हसले नाहीत. "म्हंजे तू बी?"

"भाऊ," मी म्हणाले, आणि माझा आवाज नको तितका चढला तसा मी तो खाली ओढला, "थडग्यापाशी बाया गेल्या तेव्हा ढोलक वाजत होतं का? अंधारात गेल्या, मसाले घेऊन, न बोलता. आणि प्रभू तरी उठलाच होता ना?"

"आता हे मले शास्त्र शिकवते," ते म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते आईच्या चेहऱ्याकडे बघत होते, कंदिलाच्या उजेडात त्यावरचा एकेक वण दिसत होता.

आई म्हणाली, "चला ना भाऊ. याच गल्लीनं चला. मी कुठी नाई म्हटलं? पन पायानं चला."

मोहाला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या होत्या. शेवटी याकोबभाऊंनी विचारलं, "पोट्टी जिती हाय?"

"हाय. आता दोन घोट पानी गेलं."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि ढोलकाच्या दोन्ही तोंडांवरून गुंडाळून गाठ मारली. मग खाली वाकले आणि बुटांचे बंद सोडायला लागले. म्हातारा माणूस, वाकायला त्रास व्हायचा, एका हातानं त्यांनी माझा खांदा धरला. तो हात जड होता. ते बूट काढताना पाहून मागच्यांनी चपला काढल्या. आणि आम्ही गेलो, अनवाणी, झांजा छातीशी धरून. दरसाली ज्या दारासमोर ते सगळ्यात मोठ्यानं गात, त्या दारासमोरून याकोबभाऊ बूट हातात घेऊन गेले. त्यांचे ओठ हलत होते. गाणं म्हणत होते की बहिणीचं नाव घेत होते, मला कळलं नाही.

आमच्या अंगणात वडे नव्हते. आईनं गूळ घालून उकडलेल्या तांदळाचे मुटके केले होते. पोरांनी तोंडं वाकडी केली. त्या सकाळच्या प्रभुभोजनाला आई शेवटच्या ओळीत बसली, आणि भाकरीचं ताट याकोबभाऊंच्या हातात होतं. ते आमच्या ओळीपर्यंत आले. त्यांनी ताट आईपुढे केलं आणि ती घेईपर्यंत वाकून उभे राहिले. बाबांनी खाली मान घातली ती बराच वेळ वर काढली नाही.

पण हे काही उत्तर नव्हतं. आम्ही शांत राहिलो म्हणून चिंधीचा ताप उतरला नाही. उलट पुढचे दिवस जास्त वाईट गेले. आई बोलेनाशी झाली. मंडळीतले काही जण म्हणतच होते, गप्प राहून काय मिळालं? मी रोज प्रार्थना करायची आणि रोज त्या प्रार्थनेवर रागवायची. एवढं आम्ही सोडलं, निदान तिला तरी सोड, असं देवाशी सौदा केल्यासारखं बोलायची. आता या वयात कळतं, की चिंधी गेली असती तरी त्या गल्लीतून आम्हाला तसंच जावं लागलं असतं. तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

मग एका दुपारी मी भात वाढत होते. आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. आणि भिंतीपलीकडून चर्र झालं. मोहरी तडतडली. मागोमाग जवसाच्या तेलाचा वास, लसणाचा वास. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. देवी घरात असताना कोणी फोडणी देत नाही. ती निघून गेली की देतात, किंवा आजारी माणूसच उरलं नाही की. पण कोणी गेलं असतं तर रडणं ऐकू आलं असतं. आईनं डोळे उघडले. ती ऐकत राहिली, सगळी मोहरी तडतडून संपेपर्यंत. मग उठली, फळीवरून कढई काढली, तिच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि चुलीवर ठेवली. तेल ओतताना तिनं निम्मं चुलीतच सांडलं आणि जाळ भडकला.

मुक्ताबाई दारात आली, या वेळी उंबरा ओलांडून. "उठून बसली," ती म्हणाली. "एक डोळा गेला, रूथबाई. पन उठून बसली. वरन मांगते." मग ती आणि आई एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. आमच्या कढईत मोहरी जळून काळी झाली. मुक्ताबाई नाक पुसत मला म्हणाली, "जाय ना वं, त्या ढोलकवाल्या भाऊले बलाव. सांग, आता वाजवा म्हना. तुमचा सन राह्यला ना."

याकोबभाऊ भर उन्हात आले, बूट वाजवत. ढोलक गळ्यात होतं, दुपट्टा डोक्याला बांधला होता. मुक्ताबाईच्या उंबऱ्यावर चिंधी बसली होती, अंगाला निंबाच्या पाण्याचा वास, एका डोळ्यावर फडकं. याकोबभाऊ तिच्यासमोर खाली बसले. गाण्याची पहिली ओळ त्यांनी अगदी बारीक आवाजात म्हटली, आणि ढोलकावर त्यांनी बोटांची फक्त टोकं टेकवली, पोरगी दचकेल म्हणून.

चिंधीनं उरलेल्या डोळ्यानं त्यांच्याकडे बघितलं.

"आजा," ती म्हणाली, "मोठ्यानं."